सड्यावरचा टॉवर, खालची वाडी
(प्रस्तावना)

रत्नागिरीत 'रेंज' हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि तिचं वागणं लाइटीसारखं आहे. ती येते, ती जाते, आणि गेली की कधी येणार ते कोणी सांगू शकत नाही. गावाकडच्या प्रत्येक घराची रेंजची एक ठरलेली जागा असते. कुणाची पडवीच्या कोपऱ्यात, कुणाची विहिरीच्या कठड्यापाशी, कुणाची घरामागची पाखाडी चढून गेल्यावर सड्यावरच्या एका जांभ्या दगडावर. 2020च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आल्या तेव्हा कोकणातली पोरं अशाच दगडांवर छत्र्या उघडून बसली होती. या पुस्तकाची सुरुवात त्या दगडापासून होते. तिथेच रेंज का, आणि चार पावलं बाजूला का नाही?

खरं तर चार पावलंही लागत नाहीत. 5जीसाठी भारतात मुख्यतः वापरला जाणारा पट्टा साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा आहे. त्या लहरीची लांबी साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढी. टॉवरवरून निघालेली लहर फोनपर्यंत एकाच वाटेने येत नाही. एक थेट येते, एक समोरच्या डोंगरउतारावरून परतून येते, एक शेजाऱ्याच्या पत्र्यावर आपटून, एक खाडीच्या पाण्यावरून घसरून. कुठे या सगळ्यांचे उंचवटे जुळतात आणि रेंज वाढते, कुठे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो आणि दोघी संपतात. फोन चार-पाच सेंटिमीटर सरकवला तरी चित्र पालटतं. दगडावर बसून फोन डोक्यावर धरून फिरवणारा माणूस वेडा दिसतो, पण तो करत असतो ते अगदी शास्त्रीय असतं.

कित्येक दशकं अभियंत्यांनी या अनेक वाटांना शत्रू मानलं. मीही मानलं. हा शत्रू म्हणजेच आपलं भांडवल आहे हे लक्षात आल्यावर बिनतारी जाळ्यांची आखणी मुळापासून बदलली. कोकणासारख्या उंचसखल मुलखात तर तिने फारच बदलायला हवं होतं. ती पुरेशी बदलली नाही, अशी माझी तक्रार आहे आणि हे पुस्तक त्या तक्रारीतून लिहिलं गेलं.

या वाटांचा फायदा घ्यायला अनेक अँटेना लागतात, आणि त्या एकत्र वापरायची कल्पना आपल्याकडे नवी नाही. 1927 साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात मार्कोनीच्या 'बीम' पद्धतीने बिनतारी तारव्यवहार सुरू झाला, तेव्हा प्रक्षेपणाचं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि ग्रहणाचं दौंडला. पलीकडच्या टोकाला ग्रिम्सबी आणि स्केगनेस. उंच मनोऱ्यांच्या मध्ये तारांचा मोठा पडदा टांगायचा आणि सगळ्या तारांना एका ठेक्यात वीज द्यायची. इंग्लंडच्या दिशेला त्यांच्या लहरी एकमेकींना हात देतात, बाकी दिशांना एकमेकींना खातात. पुढे 5जीच्या पेटीत चौसष्ट अँटेना बसवून केलं गेलं ते तत्त्वतः हेच. फरक इतकाच की खडकीचा झोत एकदा रोखला की रोखला, तो वळवायचा तर मनोरे हलवावे लागले असते. आजची पेटी प्रत्येक अँटेनाच्या लहरीचा ठेका किंचित मागेपुढे करून सेकंदात शेकडो वेळा झोत वळवते, आणि तिच्यातली एक वस्तूही हलत नाही. रत्नदुर्गाच्या दीपगृहाचा झोत ठरल्या गतीने सगळ्यांवरून फिरतो. हा झोत ज्याला हवा त्याच्याकडेच बघतो.

दुसरी जुनी युक्ती ग्रहणाच्या बाजूची, आणि ती समजून घ्यायला खाडीसारखी जागा नाही. समजा जयगडच्या खाडीवरून दोन टॉवरना जोडणारी आठ किलोमीटरची मायक्रोवेव्ह जोडणी टाकली. एका टोकाची अँटेना पाण्यापासून चाळीस मीटरवर, दुसरी तीस मीटरवर. थेट आलेली लहर आणि पाण्यावरून परतलेली लहर यांच्या वाटांत तीस सेंटिमीटरचा फरक पडतो. आता भरती आली. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या घरात असतो. पाणी दोन मीटर चढलं की वाटांमधला फरक साडेतीन सेंटिमीटरने घटतो. सात गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी आहे सव्वाचार सेंटिमीटर. म्हणजे एका भरतीत जोडणी जोमात येते, कोसळते आणि पुन्हा वर येऊ लागते. खाडीकाठचा ऑपरेटर बिघाडाच्या वेळा वहीत लिहीत बसतो, त्या रोज पाऊणएक तासाने पुढे सरकतात, आणि कोणी पंचांग उघडून बघत नाही. उपाय सोपा आहे. एकाच टॉवरवर दोन अँटेना वेगवेगळ्या उंचीवर लावायच्या. एकीवर खळगा पडला तर दुसरीवर बहुधा पडलेला नसतो. ही युक्ती लघुलहरींच्या काळातली. आरसीए कंपनीच्या बेव्हरेज, पीटरसन आणि मूर यांनी 1931 सालीच ती पद्धतशीर मांडली होती, फक्त त्यांनी अँटेना उंचीऐवजी जमिनीवर लांब लांब पसरल्या होत्या.

या दोन्ही युक्त्यांत अनेक अँटेनांमधून एकच संदेश जातो. मोठी उडी पुढे आहे, आणि तिचा सह्याद्रीशी असलेला संबंध आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. आरोग्यस्वामी पॉलराज तामिळनाडूतल्या पोल्लाचीचे. भारतीय नौदलात असताना ते लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1966 साली पदवीधर झाले, दिल्लीच्या आयआयटीतून त्यांनी डॉक्टरेट घेतली आणि नौदलासाठी 'अप्सोह' हा सोनार उभा केला. सोनार म्हणजे पाण्याखालचे अनेक कान एकत्र ऐकवण्याची विद्या. थॉमस कैलाथ यांचा जन्म 1935चा, पुण्यातला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1956 साली त्यांनी दूरसंचाराची पदवी घेतली आणि पुढे ते स्टॅनफर्डचे नामवंत प्राध्यापक झाले. नौदल सोडून पॉलराज स्टॅनफर्डला कैलाथ यांच्या गटात गेले. तिथे एकाच फ्रिक्वेन्सीवर आलेले दोन सिग्नल वेगळे करण्याचं काम चालू असताना त्यांच्या लक्षात आलं की आसपास आपटून येणाऱ्या वाटा जितक्या जास्त, तितके ते दोन सिग्नल वेगळे करणं सोपं जातं. मग मुद्दामच एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन वेगळे संदेश दोन अँटेनांमधून का पाठवू नयेत? या दोघांच्या नावावरचं पेटंट 1994 साली मंजूर झालं. पुढच्या दोन-तीन वर्षांत बेल प्रयोगशाळेत तेलातार आणि फॉशिनी यांनी यामागचं गणित आणि रचना पक्की केली. या पद्धतीला इंजिनिअर मंडळी 'मायमो' म्हणतात. 2009च्या वायफाय मानकात आणि 4जीमध्ये ती आली, आणि 5जी तर तिच्याशिवाय उभंच राहू शकत नाही.

वेगळे संदेश वेगळे कसे करता येतात, हे मी विद्यार्थ्यांना बाजारातल्या हिशेबाने सांगतो. एक आंबा आणि एक फणस मिळून दोनशे रुपये. दोन आंबे आणि एक फणस मिळून अडीचशे. मग आंबा पन्नासचा आणि फणस दीडशेचा, हे शाळकरी पोरही सांगेल. पण दुसरी माहिती अशी मिळाली की दोन आंबे आणि दोन फणस मिळून चारशे, तर? माहिती दोनदा मिळाली, पण कळलं काहीच नाही. फोनच्या दोन अँटेनांना दोन्ही संदेश मिसळलेलेच ऐकू येतात. दोघींना ते वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेले ऐकू आले तर हिशेब सुटतो. वाटा अनेक असल्या की मिसळण्याची प्रमाणं आपोआप वेगळी होतात. एकच थेट वाट असली की दुसरी अँटेना पहिलीचाच हिशेब दुप्पट करून सांगते. अशी किती खरी वेगळी समीकरणं मिळतात त्या संख्येला 'रँक' म्हणतात, आणि या पुस्तकात हा शब्द इतक्या वेळा येणार आहे की वाचक कंटाळेल.

तो येण्याचं कारण पैशाचं आहे. शॅनन यांनी 1948 साली घालून दिलेल्या सूत्राप्रमाणे, सिग्नल खरखरीच्या शंभरपट असेल तर प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला सुमारे 6.66 बिट जाऊ शकतात. टॉवरची शक्ती दुप्पट केली, विजेचं बिल वाढवलं, तर हा आकडा 7.65 होतो. तीच मूळची शक्ती दोन अँटेनांत अर्धी अर्धी वाटली आणि वाटा मनासारख्या वेगळ्या असल्या, तर प्रत्येकीचे 5.67 मिळून 11.3. एकाही जादा वॅटशिवाय. अट मात्र वाटा वेगळ्या असण्याची. ती अट जमीन पुरी करते किंवा करत नाही. तिथे कंपनीच्या माहितीपत्रकाचा काही उपयोग नसतो.

म्हणून आखणी करणाऱ्याने आधी जमीन वाचायला शिकलं पाहिजे, आणि मी ते चुकून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका तालुक्यातल्या सड्यावर टॉवरची जागा सुचवली. कुठल्या कंपनीसाठी ते सांगत नाही, चूक माझीच होती. उंच जागा, चारही बाजूंना मोकळं, संगणकाच्या नकाशावर सगळा परिसर हिरवागार. टॉवर उभा राहिला आणि सहा मैलांवरच्या गावात रेंज पोचली. सड्याच्या कुशीतल्या वाडीत मात्र नाही. तिथल्या एक आजी म्हणाल्या, "टावर दिसतो रे बाबा, रेंज दिसत नाय." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वाडी सड्यापासून चारशे मीटरवर आणि एकशेवीस मीटर खोल होती. म्हणजे अँटेनाला क्षितिजाखाली सतरा अंश बघायला हवं होतं. साध्या अँटेनाचा झोत उभ्या दिशेत जेमतेम सहा-सात अंशांचा असतो आणि मी तो चार अंश खाली झुकवला होता. सगळी शक्ती आजींच्या डोक्यावरून अरबी समुद्राकडे जात होती.

अनेक अँटेनांच्या पेटीचा कोकणातला पहिला खरा उपयोग हा आहे. शहरात लोक आडवे पसरलेले असतात, इथे उभे. एकाच टॉवरची गिऱ्हाइकं सड्यावर, उतारावरच्या आंब्याच्या बागेत, खाली खाडीच्या काठावर. उभ्या दिशेतही झोत वळवणारी पेटी बसवली तर सतरा अंश ही अडचण राहत नाही. पण पेट्या विकत घेताना बहुतेकदा आडव्या दिशेतली ताकद बघितली जाते, कारण ती मैदानी शहरांच्या गरजेतून ठरलेली असते. ठाण्याला चालली ती पेटी संगमेश्वरला चालेल, हे कोणी गृहीत धरलं ते मला अजून कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट काड्यांची. फोनवरच्या काड्या सिग्नलचा जोर सांगतात, रँक सांगत नाहीत. भाट्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं, टॉवर समोर दिसत असला, आजूबाजूला फक्त वाळू आणि पाणी, तर काड्या भरभरून असतील. पण वाट मुख्यतः एकच. अँटेना दोन तिरक्या दिशांत कंप पावणाऱ्या लहरी सोडतात म्हणून दोन प्रवाह तरी मिळतात, फोनला चार अँटेना असल्या तरी त्याहून फारसं काही हाती लागत नाही. उलट राम आळीसारख्या दाटीत काड्या कमी असूनही भिंतीभिंतींवरून आलेल्या वाटा तीन-चार प्रवाह देऊ शकतात. जोर हवा तिथे वैविध्य नाही आणि वैविध्य आहे तिथे जोर नाही, ही ओढाताण आखणीच्या पोटातच आहे. खालच्या वाडीला वाटा भरपूर मिळतात, पण त्या सगळ्या थकून आलेल्या. अशा वेळी अनेक प्रवाहांचा हट्ट सोडावा आणि सगळ्या अँटेनांनी मिळून एकच प्रवाह जोरात पोचवावा. तो निर्णय पेटी क्षणाक्षणाला घेते. तिला तो घेण्याजोगी परिस्थिती मिळेल अशी जागा निवडणं माणसाचं काम आहे.

भिंती आणि छपरांवर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, आणि त्याबद्दल माझी थट्टा झाली आहे. जांभ्या चिऱ्याची जाड भिंत, त्यात पावसाळ्यात ओल धरलेली, लहरींना चांगलीच अडवते. मंगलोरी कौलं त्या मानाने दयाळू. पण गेल्या काही वर्षांत कोकणात कौलं उतरून रंगीत पत्रे चढले, स्लॅबच्या घरांवरही गळतीसाठी पत्र्याची शेड आली. सड्यावरून, म्हणजे वरून येणाऱ्या सिग्नलला पत्रा हे बंद दार आहे. तोच पत्रा शेजारच्या घराला मात्र आरशासारखा उपयोगी पडतो. उपग्रहाच्या नकाशावर हे सगळं 'ग्रामीण वस्ती' या एका रंगात येतं, आणि हापूसची बाग व करवंदीची जाळी 'वनस्पती' या दुसऱ्या. मे महिन्यात कोरड्या सड्यावर घेतलेली ड्राइव्ह टेस्ट, म्हणजे गाडीतून फिरून केलेली रेंजची मोजणी, जुलैत, पानं निथळत असताना आणि खाचरं पाण्याने भरलेली असताना, खरी ठरत नाही. दोन्ही ऋतूंत मोजणी करा असं मी दर वेळी लिहितो आणि दर वेळी खर्चाच्या रकान्यात ते कापलं जातं.

आता माणसं. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,15,069 होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. दर चौरस किलोमीटरला 197 माणसं, आणि तीही एका गावाच्या आठ-दहा वाड्यांत विखुरलेली. या आकड्यांवर जाळं आखलं तर ते अकरा महिने पुरतं आणि भाद्रपदात कोसळतं. चाकरमानी येतात, बंद घरांची कुलपं निघतात, आणि आरती चालू असताना मुंबईत राहिलेल्या नातवंडांना व्हिडिओ कॉल लागतो, वाडीतल्या प्रत्येक घरातून, त्याच पंधरा मिनिटांत. मायमोचा पुढचा टप्पा इथे कामाला येतो. एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, वेगवेगळ्या घरांकडे वेगवेगळे झोत. 2010 साली मार्झेटा यांनी टॉवरवरच्या अँटेना खूप वाढवून हे कुठवर नेता येईल ते दाखवलं. गणपतीला ते शोभतं, कारण गणपती घराघरात असतो आणि घरं उतारावर विखुरलेली असतात. शिमग्याला ते शोभत नाही. पालखी सहाणेवर आली की अख्खा गाव एका जागी, खांद्याला खांदा लावून, सगळ्यांचे फोन एकाच दिशेला. झोत कितीही बारीक केला तरी पालखीचा भोई आणि त्याच्या मागचा माणूस वेगळे करता येत नाहीत. तिथे तात्पुरता चाकांवरचा टॉवर आणा किंवा फ्रिक्वेन्सीचा पट्टा वाढवा. एकच गाव, तेवढीच माणसं, दोन सण आणि दोन वेगळी उत्तरं.

वाऱ्याचा विषय मी आधी परिशिष्टात टाकला होता, नंतर तो मध्यावर आणला. अँटेनांमधलं अंतर साधारण अर्ध्या लहरीचं ठेवतात. साडेतीन गिगाहर्ट्झला ते सव्वाचार सेंटिमीटर, म्हणून आठ रांगा फूटभर रुंदीत मावतात. लांब पोचणाऱ्या सातशे मेगाहर्ट्झला ते एकवीस सेंटिमीटर होतं, आणि तशाच आठ रांगांना पावणेदोन मीटर रुंदीचा पाटच लागेल. किनाऱ्यावरच्या टॉवरवर एवढं शीड कोण चढवणार? 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली आणि मंडणगडातली गावं दिवसेंदिवस जगापासून तुटली होती. 22 जुलै 2021ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी पुरुषभर उंचीच्या वर चढलं आणि लोक छपरावरून मदत मागत असताना फोन मुके झाले. बॅटऱ्या, जनरेटर, वीज, घाटातून येणारी फायबर केबल, यातलं एक गेलं की चौसष्ट अँटेना आणि एक अँटेना सारख्याच. याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. जोतं उंच बांधा आणि केबल दोन घाटांतून आणा.

एक राहिलं, ते सहसा कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. टॉवरने झोत कुणाकडे वळवायचा हे त्याला फोनकडून कळतं. फोन अधूनमधून एक ओळखीची हाक देतो, ती हाक कुठल्या अँटेनावर कशी आली यावरून पेटी उलटी वाट शोधते. पण फोनची ताकद जेमतेम एक पंचमांश वॅट. लांबच्या वाडीतून ही हाक खरखरीत बुडून जाते, आणि ज्याला झोताची सगळ्यात जास्त गरज आहे तोच टॉवरला दिसत नाही. त्यामुळे सीमेवरच्या घरांची आखणी टॉवरच्या ताकदीवर करू नये, फोनच्या कुजबुजीवर करावी. पाचवं प्रकरण पूर्ण याचंच आहे.

पुस्तकात अँटेना, टॉवर, रँक, ड्राइव्ह टेस्ट हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण टॉवरवर चढणारा माणूस तेच बोलतो. 'बीम'ला मात्र झोत म्हटलं आहे, कारण तो शब्द मुळातच चांगला आहे. डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनी तिसऱ्या प्रकरणातली मॅट्रिक्सची गणितं पहिल्या वाचनात सोडली तरी चालतील. पदवीच्या विद्यार्थ्यांनी सोडू नयेत. आजींच्या वाडीसाठी शेवटी सड्याच्या कडेला, खाली बघणारी एक छोटी वेगळी पेटी बसवावी लागली. तिचे मोजमापाचे आकडे, मे आणि जुलै दोन्हीचे, शेवटच्या प्रकरणात आहेत.

रत्नागिरी,
नारळी पौर्णिमा